चूक दाखवली की जिरवली?

सेकंड इयरची गोष्ट. इंग्लिशच्या तासाला उतारा वाचायची पाळी माझ्यावर आली. आदल्या रात्री दोनदा वाचून ठेवला होता, त्यामुळे आत्मविश्वास एकदम टॉपला. तिसऱ्या ओळीत एक शब्द आला आणि मी तो जसा दिसला तसा वाचला, ‘चॅस्टन’. सरांनी थांबवलं. म्हणाले, ‘‘चॅस्टन नाही, चेसन. लिसनमध्ये टी सायलेंट असतो ना, तसाच.’’ मी मान डोलावली आणि पुढे वाचणार, तेवढ्यात चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, ‘‘कुठली गं शाळा तुझी?’’ वर्ग खो खो हसला. पुढचा उतारा मी कसा वाचला, ते मला आजही आठवत नाही.

संध्याकाळी रूमवर येऊन डिक्शनरी उघडली. चेसन म्हणजे एखाद्याला त्याच्या चुकीची जाणीव होऊन तो नरम पडणं, ताळ्यावर येणं. म्हणजे ज्या शब्दावर माझी जिरली, त्याचा अर्थच ‘जिरणं’च्या आसपासचा! हसावं की रडावं कळेना. पण त्या दिवसापासून एक नाद लागला. इंग्रजीत माणसाला झापायला, सुधारायला, शिक्षा करायला किती शब्द आहेत, ते कुठून आले आणि आपण ते कुठे वापरतो, हे शोधायचा. कारण सरांची दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नव्हती. पहिल्या वाक्यात त्यांनी माझी चूक दाखवली. दुसऱ्यात मला खाली पाडलं. दोन्ही एकाच मिनिटात झालं आणि वर्गाला ते एकच वाटलं.

पाय जमिनीवर, नाक जमिनीवर

सुरुवात ‘हम्बल’पासून. लॅटिनमध्ये ‘ह्यूमस’ म्हणजे माती, जमीन. शेतकी कॉलेजातल्या मंडळींना हा शब्द रोजचा आहे, कुजलेल्या पालापाचोळ्यातून तयार होणाऱ्या काळ्या, कसदार भागाला आजही ह्यूमसच म्हणतात. त्यावरून ‘ह्यूमिलिस’, म्हणजे जमिनीलगतचा, खालचा. त्यातूनच इंग्रजीत ‘हम्बल’ आला आणि ‘ह्युमिलिएट’ही. एकाच मातीतली ही दोन रोपं, पण फळं बघा किती वेगळी. एखादा हम्बल आहे म्हटलं की कौतुक. एखाद्याला ह्युमिलिएट केलं म्हटलं की अपमान.

मराठीतही अगदी असंच आहे. ‘एवढा मोठा झाला, पण पाय जमिनीवर आहेत’ ही शाबासकी. ‘नाक घासायला लावलं’ ही बेइज्जती. जमीन तीच. तिला पाय लागतात की नाक, यावर सगळं ठरतं.

क्रियापद म्हणून ‘हम्बल’ वापरलं की आणखी एक छटा येते. आठवा १९ डिसेंबर २०२०, अ‍ॅडलेड. भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला, आपली कसोटीतली आजवरची नीचांकी धावसंख्या. असं झालं की इंग्रजीत ‘हम्बल्ड’ म्हणतात. कुणी शिवी दिली नाही, कुणी हसवून घेतलं नाही, खेळानेच जमिनीवर आणलं. आणि त्यानंतर जे झालं त्याला माझा तो शब्द लागू पडतो, ‘चेसन्ड’. ठेच लागून शहाणा झालेला संघ. मेलबर्नला अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढल्या, सामना जिंकला आणि १९ जानेवारी २०२१ ला गाबावर ३२८ धावांचा पाठलाग करून मालिका २-१ अशी खिशात घातली. हम्बल होणं म्हणजे संपणं नव्हे, हे समजावून सांगायला याहून बरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

हल्ली मात्र ‘हम्बल्ड’ची गंमतच झाली आहे. इंटर्नशिप लागली की पोस्ट पडते, ‘फीलिंग हम्बल्ड’. अरे, तुला तर वर चढवलंय! हम्बल्ड आम्ही आहोत, ज्यांना रिजेक्शनचा मेल आला. नम्रतेच्या वेष्टनात गुंडाळलेल्या या बढाईला इंग्रजीत ‘हम्बलब्रॅग’ असा छान शब्द आहे. २०१० च्या सुमारास अमेरिकी विनोदी लेखक हॅरिस विटल्स यांनी तो ट्विटरवर लोकप्रिय केला. मराठीत त्याला एक शब्द हवा. तोवर ‘साधा आहे हो मी’ टाइप पोस्ट म्हणू.

आणि ‘ईट हम्बल पाय’? म्हणजे चूक झाली हे खाली मान घालून कबूल करणं. यातल्या ‘हम्बल’चा नम्रतेशी मुळात संबंधच नव्हता. हरणाच्या काळीज, आतडी वगैरे आतल्या भागांना जुन्या इंग्रजीत ‘नम्बल्स’ म्हणायचे. बोलता बोलता सुरुवातीचा ‘न’ गळाला आणि ‘अम्बल्स’ झाले. त्या भागांचा पाय तो ‘अम्बल पाय’. तो ‘हम्बल’सारखा ऐकू येतो म्हणून लोकांनी श्लेष केला आणि तोच टिकला. असाच ‘न’ गळालेला आणखी एक शब्द आपण रोज ओरडतो, ‘अम्पायर’! मूळ शब्द ‘नूम्पियर’ होता, म्हणजे जोडीत नसलेला, दोन्ही बाजूंपेक्षा वेगळा असा तिसरा माणूस. ‘अ नूम्पियर’ म्हणता म्हणता ‘अ‍ॅन उम्पियर’ झाला. म्हणजे अख्ख्या इंग्लंडने शब्द ‘चुकीचा’ ऐकला, चुकीचा म्हटला आणि आज तोच बरोबर आहे. त्यांना कुणी शाळा विचारली नाही.

सर्व शिक्षा, म्हणजे सगळ्यांना?

आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘सर्व शिक्षा अभियान’. दुसरीत असताना मला खरंच वाटायचं, हे सगळ्यांना शिक्षा करायचं अभियान आहे. तुमच्यातल्याही अनेकांना वाटलं असणार, खोटं बोलू नका. संस्कृतात आणि हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं, शिकवणं. मराठीत मात्र त्याच शब्दाने हातात छडी घेतली. शिकण्यासाठी आपण ‘शिक्षण’ ठेवलं आणि ‘शिक्षा’ अंगठे धरून उभी राहिली.

मला वाटायचं हा आपलाच घोळ. पण इंग्रजी त्याच वाटेने गेलेली आहे. ‘डिसिप्लिन’ घ्या. लॅटिनमध्ये ‘डिसिप्युलस’ म्हणजे शिष्य, विद्यार्थी आणि ‘डिसिप्लिना’ म्हणजे शिकवण. आजही विद्याशाखेला आपण डिसिप्लिन म्हणतो, फिजिक्स एक डिसिप्लिन, इकॉनॉमिक्स दुसरी. पण मध्ययुगात ख्रिस्ती मठांमध्ये स्वतःला फटके मारून घेण्यासाठी जो छोटा चाबूक असायचा, त्यालाही ‘डिसिप्लिन’च म्हणू लागले. शिकवणीपासून चाबकापर्यंतचा प्रवास एकाच शब्दात! आजचं क्रियापद त्याच चाबकाच्या बाजूचं आहे. ‘ही वॉज डिसिप्लिन्ड’ म्हणजे त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली.

स्लँगमध्येही बघा. कुणाला वादात साफ हरवलं की इंग्रजीत ‘स्कूल्ड’ म्हणतात. आपण ‘शाळा घेतली’ म्हणतो. तिकडे ‘टीच अ लेसन’, इकडे ‘धडा शिकवला’. शिकणं आणि मार खाणं यांची सांगड दोन्ही भाषांनी घालून ठेवली आहे. पिढ्यान् पिढ्या वर्गात काय चालत आलं, ते शब्दांनी नोंदवून ठेवलं एवढंच. कायद्याने तरी ही सांगड तोडायचा प्रयत्न केलाय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यावर आणि त्यांच्या मानसिक छळावर बंदी घातली. मार आणि अपमान, दोन्ही एकाच कलमात आहेत, हे लक्षात घ्या.

‘पनिश’ची कहाणी याहून थोडी वेगळी. ग्रीकमध्ये ‘पॉइने’ म्हणजे रक्ताची भरपाई, खुनाबद्दल द्यायचा दंड. लॅटिनमध्ये त्याचं ‘पेना’ झालं. त्यातून ‘पनिश’ आला, ‘पेनल्टी’ आली आणि चक्क ‘पेन’सुद्धा, दुखण्याचा पेन. डोकं दुखतं म्हणताना आपण मुळात ‘दंड भरतोय’ म्हणत असतो. आपल्याकडे ‘दंड’ म्हणजे आधी काठी, मग शिक्षा, मग पावती फाडून भरायचे पैसे. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन तिथे भारतीय न्याय संहिता आली. नावातली तरी काठी गेली.

सरळ करणं

आता माझ्या सरांचं पहिलं वाक्य. त्याला म्हणायचं ‘करेक्ट’ करणं. लॅटिन अर्थ सरळ करणं, वाकलेलं नीट करणं. ‘थांब, तुला सरळच करतो’ असं आपले काका म्हणतात, तेव्हा ते नकळत लॅटिन बोलत असतात. महाराष्ट्रात तुरुंगांच्या खात्याच्या नावात ‘कारागृह व सुधारसेवा’ असं असतं, त्यातली सुधारसेवा म्हणजे इंग्रजीतलं ‘करेक्शनल सर्व्हिसेस’. कैद्याला कोंडणं वेगळं आणि सरळ मार्गाला लावणं वेगळं, हे निदान पाटीवर मान्य आहे.

आणि चेसन? तो, ‘चास्टाइज’ आणि ‘कॅस्टिगेट’ हे तिघे सख्खे भाऊ. तिघांचं मूळ ‘कास्टस’, म्हणजे शुद्ध. शिक्षा करणं म्हणजे शुद्ध करणं, ही त्यामागची कल्पना. हे वाचलं तेव्हा मी जरा थबकलेच. कारण ‘शुद्ध’ हा शब्द आपण सगळ्यात जास्त कुठे वापरतो? भाषेला. शुद्धलेखन, शुद्ध मराठी, ‘अशुद्ध बोलतेस’. त्याबद्दल शेवटी बोलते, कारण त्यात मी स्वतः गुन्हेगार आहे.

कोण कुणाला कसं झापतं?

हे सगळे शब्द आपण ‘स्कोल्ड’ या एकाच डब्यात भरतो. पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ग्रुप डिस्कशनला किंवा लिहिताना उपयोगी पडेल, म्हणून आपल्या भाषेतले जोडीदार सांगते.

‘चाइड’ सगळ्यात मवाळ. ‘जेवली नाहीस ना वेळेवर?’ हे आई फोनवर म्हणते ते चाइड. रागापेक्षा माया जास्त.

‘अ‍ॅडमॉनिश’ म्हणजे समज देणं. ‘पोलिसांनी तरुणांना समज देऊन सोडले’ ही बातमी आठवा, नेमकं तेच. लॅटिन ‘मोनेरे’ म्हणजे आठवण करून देणं, सावध करणं. वर्गातला ‘मॉनिटर’ त्याच घराण्यातला. त्याचं काम सावध करण्याचं होतं. फळ्यावर नावं लिहून बाईंच्या ताब्यात द्यायचं नव्हतं, हे आमच्या पाचवी ब च्या मॉनिटरला कुणीतरी सांगायला हवं होतं.

‘रेप्रिमांड’ ऑफिशियल. याला लेटरहेड असतं, वरिष्ठ असतो, नोंद होते. आयसीसीच्या आचारसंहितेत लेव्हल वनच्या चुकीला किमान शिक्षा म्हणजे ‘ऑफिशियल रेप्रिमांड’ आणि कमाल म्हणजे मॅच फीच्या ५० टक्के दंड. आपल्याकडे ठपका ठेवणं, लेखी ताकीद.

‘रिब्यूक’ धारदार, तोंडावर आणि बहुतेकदा चारचौघांत. याचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये, मारून मागे हटवणं. आपल्याकडे कानउघाडणी आणि खरडपट्टी यांच्या मधलं काहीतरी.

‘कॅस्टिगेट’ सगळ्यात जड. अग्रलेखात सरकारवर, निकालपत्रात अधिकाऱ्यांवर. मराठी वर्तमानपत्रं ‘ताशेरे ओढले’ म्हणतात ते. रूममेटने कचरा टाकला नाही म्हणून कुणी तिला कॅस्टिगेट करत नाही. केलं तर ते नाटक.

‘रीड द रायट अ‍ॅक्ट’ हा वाक्प्रचार माझा लाडका. वॉर्डनने सगळ्या मजल्याला उभं करून झापलं की तो वापरायचा. इंग्लंडमध्ये १७१५ पासून खरोखर असा कायदा लागू झाला होता. बारा किंवा जास्त लोक दंगा करायला जमले की मॅजिस्ट्रेटने तिथे जाऊन एक जाहीरनामा मोठ्याने वाचायचा. तासाभरात पांगला नाहीत तर थेट देहान्ताची शिक्षा. आमच्या वॉर्डन मॅडम त्या मानाने फारच दयाळू, फक्त वायफाय बंद करतात.

राहता राहिला ‘स्कोल्ड’. इंग्रजी कायद्यात ‘कॉमन स्कोल्ड’ नावाचा एक गुन्हा होता. शेजाऱ्यांशी सतत भांडणारी, तोंडाळ व्यक्ती हा त्याचा अर्थ आणि तो लागायचा फक्त बायकांना. शिक्षा काय, तर खुर्चीला बांधून सगळ्या गावासमोर पाण्यात बुडवायचं. हा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून अधिकृतपणे गेला कधी? १९६७ मध्ये! पुरुष जोरात बोलला तर कडक, बाई बोलली तर कजाग. हा भेद नाक्यावरच्या गप्पांत अजून शिल्लक आहेच.

कॅम्पसमधले शब्द

कॉलेजात सगळ्यात धाक कसला, तर ‘रस्टिकेट’ होण्याचा. लॅटिन ‘रस’ म्हणजे ग्रामीण भाग, खेडं. ऑक्सफर्ड-केम्ब्रिजमध्ये विद्यार्थ्याला काही काळासाठी विद्यापीठाबाहेर काढायचे, म्हणजे ‘जा गावाकडे’. अर्ध्या वर्गाला दिवाळीत गावाकडची एसटी पकडायची घाई असते आणि इकडे गाव हीच शिक्षा! गावाहून आलेल्या मुलांना शिक्षणसंस्था कुठे ठेवतात, ते या एका शब्दातही दिसतं.

‘कॅन्सल’ करणं ही आपल्या पिढीची शिक्षा. कुणाचं जुनं ट्वीट सापडलं की झाला कॅन्सल. लॅटिन ‘कॅन्सेली’ म्हणजे जाळी, कठडा. लिहिलेल्यावर जाळीसारख्या रेघा मारून खोडणं म्हणजे कॅन्सल. न्यायालयातल्या त्या जाळीपाशी उभा राहणारा कर्मचारी तो ‘चान्सलर’. म्हणजे कॅन्सल झालेला आणि विद्यापीठाचे कुलपती शब्दांच्या नात्याने भाऊबंद.

लोकांनी मिळून दिलेली शिक्षा म्हणजे ‘बॉयकॉट’. हे तर माणसाचं आडनाव. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी आणि गावकऱ्यांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला. मजूर नाही, दुकानदार नाही. दुबळ्यांनी बलवानाला जमिनीवर आणण्याचं ते हत्यार होतं.

आणि ‘रॅगिंग’. ‘रॅग’ हा ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या बोलीतला शब्द, चिडवणं, सतावणं. तिकडे आज ‘रॅग वीक’ म्हणजे विद्यार्थ्यांनी मदतनिधी गोळा करण्याचा आठवडा. आपल्याकडे त्याच शब्दासाठी १९९९ मध्ये महाराष्ट्राला स्वतंत्र बंदी कायदा करावा लागला आणि २००९ मध्ये यूजीसीला नियम. रॅगिंग करणारे कधीच ‘आम्ही ह्युमिलिएट करतो’ म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘ज्युनियर्सना जरा जमिनीवर आणतो. माज उतरायला नको?’ म्हणजे ते हम्बलचं लेबल लावून ह्युमिलिएट विकतात. म्हणून तर या दोन शब्दांतला फरक कळणं हे फक्त इंग्लिशच्या पेपरापुरतं नाही.

मी स्वतःपुरती एक टेस्ट ठरवली आहे. बोलणं चुकीबद्दल आहे की माणसाबद्दल? आणि ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी काय करायचं हे कळलं, की पुढच्या वेळी बोलायचंच नाही हे कळलं? ‘टी सायलेंट आहे’ हे मला आयुष्यभर उपयोगी पडलं. ‘कुठली शाळा’ने मात्र पुढचं अख्खं सेमिस्टर मी हात वर केला नाही.

आणि माझा गुन्हा

माझी रूममेट मराठवाड्यातली. ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते, ‘आणि’ला ‘आनि’. फर्स्ट इयरला आम्ही सगळ्या हसायचो. मी जरा जास्तच. आई शाळेत मराठी शिकवते ना, मी ‘शुद्ध’ बोलणारी. ‘‘ए, पानी नाही गं, पाणी!’’ असं जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचे. तीही हसायची. नंतर नंतर ती मेसमध्ये आमच्या टेबलावर बसेनाशी झाली, तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही. सरांनी मला शाळा विचारली, त्या रात्री आलं.

मागच्या महिन्यात ती कॉमर्सच्या प्रेझेंटेशनची तयारी करत होती. मोठ्याने वाचताना म्हणाली, ‘डेब्ट.’ मी पुस्तकातून मान वर केली. ‘‘बी सायलेंट आहे गं त्यात. डेट म्हणायचं.’’

‘‘मग लिहितात कशाला?’’ ती वैतागली.

मला उत्तर माहीत होतं. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. पुढे लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या पंडितांनी मूळ ‘डेबिटम’ आहे हे दाखवायला तो मध्ये घुसडला. लोक मात्र आधीसारखंच बोलत राहिले.

ती दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे चूक माझी न्हाई, त्यांचीच की!’’

‘‘त्यांचीच,’’ मी म्हटलं. मग जरा थांबून, ‘‘आणि फर्स्ट इयरला ते पाणी-पानीवरून मी हसायचे ना, ती माझी. सॉरी.’’

ती काही बोलली नाही. स्लाइड पुढे सरकवली, ‘डेट’ असं दोनदा पुटपुटली. मग माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

‘‘बरं, ती पान्याची बाटली दे इकडं.’’

मी दिली.